खुंटीवरचा स्वेटर

शेळी व्यायली तेव्हा मी तापाने फणफणून आतल्या खोलीत पडले होते. टायफॉइड होता. मुलगी पाच वर्षांची, बाळ सात महिन्यांचं, आणि त्या वर्षी पावसाने अशी पाठ फिरवली होती की विहिरीत बादली सोडली की आधी दगडाचा आवाज यायचा, मग पाण्याचा. नवऱ्याने त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, निरोप धाडला. त्या लांबच्या एका पिठाच्या गिरणीवर कामाला होत्या. एक पिशवी घेऊन आल्या, चप्पल काढली आणि स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

तो स्वेटर मला डोळे मिटूनही विणता येईल. तपकिरी, कोपरांवर दोन निराळ्या रंगांची ठिगळं, खालचं बटण भलत्याच कुठल्यातरी कोटाचं. ताईंना लवंग चघळायची सवय. लवंग, पीठ आणि घाम, असा मिळून तिन्हींचा वास त्या स्वेटरला यायचा. शेळीने पहिली धार दिली ती त्या वासाला. टिकली तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून.

माझा नवरा सुतार. लग्नाआधी मी त्याला 'सुतार' म्हणूनच हाक मारायचे, ती तशीच जिभेवर राहिली. तीन वर्षांपूर्वी त्याने कारखान्यातलं काम सोडलं आणि आम्ही या तुकड्यावर येऊन राहिलो. दोन खोल्या, वर पत्रा, मागे गोठा, पुढे भाजीचे वाफे. त्याचा एकच हट्ट, दुकानाची पायरी कमीत कमी चढायची. जी वस्तू विकत आणायची थांबली, तिचं चित्र तो दाराच्या चौकटीवर कोरायचा. पहिलं कोरलं अंडं. मग शेंग. मग साबणाची वडी, कारण राखेचं पाणी आणि तेल घोटून साबण मी केला होता, तीनदा बिघडवून. शेळी व्यायल्यावर त्याने दुधाचा थेंब कोरला. मी अंथरुणातून पटाशीचा आवाज ऐकत होते. तापात माझं स्वतःचं दूध आटलं होतं, बाळाला वरचं दूध सुरू झालं होतं, आणि बाहेर ताई म्हणत होत्या, "अरे, थेंब कसला, भोपळा दिसतोय तो!" आणि दोघं हसत होती.

उठून बसायला लागले तेव्हा महिना उलटला होता. पहिल्यांदा गोठ्यात गेले ते भिंतीला धरून. ताई धार काढत होत्या. टिकली डोळे अर्धे मिटून रवंथ करत उभी, आणि भांड्यात चुर्र, चुर्र.

"मी बघू का?" मी म्हटलं.

"बघ की. पण नखं काढलीस का?"

नखं काढलेली होती. मी बसले. सड धरला आणि टिकलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, एखादी बाई आपल्या घरात भलतीच बाई बसलेली पाहील तसं. मग पाय असा झाडला की भांडं भिंतीवर.

"पान्हा चोरला तिने," ताई म्हणाल्या. "जनावर आहे गं. लागलं एका हाताला की लागलं. तू आधी जरा अंगात ताकद येऊ दे."

त्यांनी भांडं उचललं, माझ्या जागी बसल्या, आणि दोन मिनिटांत पुन्हा चुर्र, चुर्र. मी तिथेच उभी राहिले. सांडलेलं दूध मातीत मुरत होतं.

मला दोष काढायला काही जागा नव्हती, हेच वाईट होतं. पहाटे उठून खालच्या ओढ्यावरून पाण्याच्या खेपा आणायच्या त्या ताई. वाफ्यांना भांडी धुतलेलं पाणी घालायचं, वालाच्या वेलाला काठ्या लावायच्या, कोंबड्यांचं खुराडं राखेने घासायचं, सगळं ताई. पण तिखटाचा डबा वरच्या फळीवरून खाली आला होता. सुरी उजव्या खुंटीवर होती, ती डाव्या. मीठ शोधायला मला माझ्याच स्वयंपाकघरात विचारावं लागायचं.

"ताई, मीठ?"

"अगं, तुझ्या नाकासमोर."

मुलगी वेणी घालायला माझ्याकडे येईना. "तू ओढतेस. आत्या ओढत नाही." बाळाला मी मांडीवर घेतलं की ते खांद्यावरून मागे बघायचं. मागे ताई असायच्या. एकदा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला वळून बसले. ते दुसऱ्या खांद्यावरून बघायला लागलं.

त्याच सुमाराला दोरीवरून बाळाचं एक झबलं नाहीसं झालं. जुनं, काठाला निळा दोरा घातलेलं. मी आजारी पडायच्या आधी शिवलेलं.

"टिकलीने खाल्लं असेल," सुतार म्हणाला.

"नाहीतर वाऱ्याने नेलं," ताई म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. सगळं ताटातलं आमच्या मातीतलं होतं, मीठ सोडून. सुतार खुशीत होता. खुशीत आला की तो चौकट वाचून दाखवायचा, देवळातल्या पाटीसारखी.

"अंडं घरचं. शेंगा घरच्या. साबण घरचा. दूध घरचं."

"आत्या पण घरची," मुलगी म्हणाली. "बाबा, आत्या कोर ना."

"कोरतो की. पण नाक मावायचं नाही चौकटीत."

ताई हसल्या, मुलगी हसली, बाळ त्यांच्या मांडीवर हसलं, कोणी हसलं की हसायचं म्हणून. मी म्हटलं, "आत्याचं घर वेगळं आहे. तिकडे वाट बघत असतील."

कोणी वाट बघणारं नव्हतं. ताईंचा संसार एका वर्षातच संपला होता, तोही जुन्या काळी. हे मला माहीत होतं, सुताराला माहीत होतं. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता ठेवला. ताईंनी बाळाच्या हनुवटीवरची पेज पुसली.

"खरंय," त्या म्हणाल्या. "गिरणीवाला तरी किती दिवस थांबेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या चार खेपा जास्त आणून ठेवल्या. रांजण काठोकाठ, दोन बादल्या वरून. मग पिशवी भरली. निघताना गोठ्यात गेल्या, अंगातला स्वेटर काढून आतल्या खुंटीला अडकवला. गार वारा सुटला होता. त्यांनी पदर खांद्यावरून लपेटून घेतला.

"धार काढताना हा घाल," मला म्हणाल्या. "आणि धुऊ नकोस."

मला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. मी आणि धुणं! आल्यापासून त्या बोलायच्या, तू पाणी फार वापरतेस, एका बादलीत दोनदा खळबळ, एवढं कशाला. आता जाताजाताही तेच. वर स्वतःचा स्वेटर माझ्या गोठ्यात टांगून! माणूस गेलं पण जागा अडवून गेलं, असं मला वाटलं. सुतार त्यांना वळणापर्यंत सोडायला गेला. मुलगी रडत मागे. मी बाळाला घेऊन दारात उभी राहिले. बाळ त्या वाटेकडे बघत होतं.

सकाळी नाइलाजाने स्वेटर घातला. टिकलीने हुंगलं, आणि माझ्या हाताला दूध आलं. भरभरून. पण सुख वाटेना. काढत होते मी आणि देत होती ती स्वेटरला. तरी दोन दिवस रेटले. तिसऱ्या दिवशी मी खाली वाकून धार काढत असताना मागून पळत येणारी पावलं वाजली, दोन लहान हात माझ्या गळ्यात पडले आणि गाल माझ्या पाठीला घासला.

"आत्या! आलीस!"

मी वळले.

"हां, तू होय," मुलगी म्हणाली आणि हात काढून घेतले. दार ओढून घेऊन गेली, नीट, आवाज न करता. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारी सुतार पलीकडच्या वस्तीवर दार बसवायला गेला होता. मी वालाच्या वेलांसाठी ठेवलेली बादली ओढून घेतली. ओढ्यावरच्या दोन खेपांचं पाणी होतं ते. माझ्याच हातची साबणाची वडी घेतली आणि स्वेटर दगडावर घातला. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं. दुसरं चहासारखं. मी घासत राहिले. लवंग गेली, पीठ गेलं, मग नुसत्या ओल्या लोकरीचा वास आला, मग तोही नाही. बोटांची सालं निघाली. पिळून तारेवर टाकला तेव्हा त्यातून स्वच्छ पाणी गळत होतं, आणि वेलांची पानं खाली मान घालून उभी होती. मला फार बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

पुढच्या सकाळी टिकलीने स्वेटर हुंगला, शिंकली आणि पाय झाडला.

मी गोंजारलं. भुसा पुढे ठेवला. गाणं म्हटलं, तेही बाळाचं. सडातून चार थेंब. संध्याकाळी दोन. दुसऱ्या दिवशी कास तटतटली होती, हात लावला की टिकली ओरडायची. करडू असतं तर त्याने प्यायलं असतं, पण ते मागच्याच महिन्यात दोन गाड्या कडब्याच्या बदल्यात देऊन टाकलेलं. सुताराने बसून पाहिलं. त्याच्या गुडघ्यावर खुराचा वळ उठला.

तो उठला, तारेकडे पाहिलं. मी स्वेटर पुन्हा उन्हात टाकला होता.

"कोणी धुतला?"

"मळला होता."

त्याने पुढे काही विचारलं नाही. हीच त्याची वाईट खोड. भांडला असता तर मी चार शब्द सांगितले असते, त्यातला एखादा खराही निघाला असता. पाणी गरम करून त्याने फडक्याने कास शेकली, आणि बाळ रडायला लागलं तसं चरवी उचलून फाटकापाशी जाऊन उभा राहिला. मला आधी कळलंच नाही कशासाठी. मग वळणावरून दूधवाल्याच्या मोटारसायकलची फटफट आली.

शेळी व्यायल्यापासून तो आमच्या फाटकाशी कधी थांबला नव्हता. जाताना नुसता हॉर्न द्यायचा, चिडवल्यासारखा. आज थांबला.

"काय सुतार! शेळी रुसली की शेळीची मालकीण?"

"दोघी," सुतार म्हणाला.

दूधवाला पोट धरून हसला आणि माप जरा वर भरून ओतलं. मी दाराआड होते. माझा हात चौकटीवर होता, आणि अंगठ्याखाली तो कोरलेला थेंब. नीट गुळगुळीत घासलेला. खरंच भोपळ्यासारखा लागत होता हाताला.

बाळाला ते दूध मानवलं नाही. दुपारपर्यंत दोनदा ओकलं. मी स्वेटर पिशवीत कोंबला, बाळाला पाठीशी बांधलं आणि मुलीला शेजारच्या म्हातारीकडे बसवलं.

"कुठे निघालीस?" सुताराने विचारलं. रंधा हातातच.

"गिरणीवर."

"दळायला काय आहे?"

"मीच," मी म्हटलं. तेव्हा कुठे तो गालात हसला, तीन दिवसांनी.

दीड तासाची वाट. पायांत अजून तापाची लटलट होती, दोनदा बसावं लागलं. गिरणीचा आवाज आधी आला. दारात डबे घेतलेल्या बायकांची रांग, आत पिठाचं धुकं, आणि धुक्यात ताई. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्यासारख्या. मला पाहून त्यांनी पट्ट्यावरचा हात काढला.

"बाळ बरं आहे ना?" ओरडून विचारलं. तिथे सगळं ओरडूनच.

"आहे! टिकली पान्हा चोरतेय!"

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मी पिशवीतून स्वेटर काढला. ताईंनी तो नाकाशी नेला, एकदा बाही, एकदा गळा.

"धुतलास," त्या म्हणाल्या.

"हो."

पुन्हा हुंगला. "साबण चांगला झालाय हो तुझा."

रांगेतली एक बाई फिसकन हसली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ताईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "तुझे गहू ओले आहेत, बाजूला हो," म्हणाल्या, आणि गिरणीवाल्याला हात दाखवून मला मागच्या दाराने खोलीत घेऊन गेल्या.

त्यांची खोली मी पहिल्यांदाच पाहत होते. लग्नाला सात वर्षं झाली होती. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताटली, एक पेला. गिरणीच्या हादऱ्याने पेला फळीवर हळूहळू सरकत होता, आणि ताईंनी बोलता बोलता, न बघता, तो मागे ढकलला. दिवसातून कितीदा ढकलत असतील. बाळाला सोडून मी खाटेवर बसवलं. ते रांगत उशीकडे गेलं आणि उशीखालून काहीतरी ओढून तोंडात घातलं.

निळ्या दोऱ्याचा काठ.

मी ते हातात घेतलं. आंबट दुधाचा, लाळेचा वास. माझ्याच बाळाचा, पण महिन्याभरापूर्वीचा. गाठोड्याच्या तळाशी राहिल्यासारखा, विरलेला.

"वाऱ्याने नेलं म्हणाला होतात," मी म्हटलं.

"वाऱ्यानेच आणून टाकलं इथे."

"धुतलं नाहीत?"

ताई स्टोव्हला पिन मारायला लागल्या. स्टोव्ह पेटलेला नव्हता, पेटवायचाही नव्हता. "इथे पाणी कुठे असतं," त्या म्हणाल्या. खोलीच्या कोपऱ्यात माठ भरलेला होता.

वाटभर मी काय काय बोलायचं ते जुळवून आले होते. तुम्ही माझं घर बळकावलंत, हेही त्यात होतं. त्यातलं काही तोंडातून निघेना. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला झबल्याचा राग आला होता. माझ्या बाळाचा वास, मला न विचारता, रोज उशाखाली! मी एवढी आजारी, आणि ही बाई त्याला हुंगत झोपणार! मग पेला पुन्हा सरकत आला, आणि या खेपेला तो मी मागे ढकलला.

ताईंनी डोक्याचा रुमाल सोडला. केस खाली तेवढे काळे. रुमाल झटकायला हात वर नेला आणि झटकला नाही.

"हा घे. याला आहे सगळं. आजच बांध डोक्याला. रोज तूच बांध, आणि तुझा घाम त्यात मुरू दे. पंधरा दिवसांत तिला कळायचं नाही कुठे मी संपले आणि कुठे तू लागलीस. मग टाक धुवायला."

त्यांनीच माझ्या डोक्याला बांधला. गाठ घट्ट ओढली, केस ओढले गेले. मुलगी खोटं बोलत होती, आत्याही ओढते.

मी बाळाला मांडीवर घेतलं. वरचं जाड अंगडं काढलं, आतलं झबलं काढलं, पुन्हा अंगडं चढवलं. त्याने हातपाय झाडले. झबलं काखेत ओलं होतं, वाटभर माझ्या पाठीला चिकटून आलेलं, ऊबदार.

"ते शिळं झालंय," मी म्हटलं. "हे घ्या."

ताईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. हाताला पीठ होतं. लुगड्याला पुसला, एकदा, दोनदा. मग घेतलं.

"धुऊ नका," मी म्हटलं.

त्या भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ पेला नीट ठेवत होत्या.

"रविवारी गिरणी बंद असते ना?" मी दारातून विचारलं.

"असते."

"मग या. वालाला पाणी घालायचं राहिलंय."

"एका बादलीत दोनदा खळबळायचं असेल तर येते," त्या म्हणाल्या.

घरी पोचले तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरलं होतं. सुताराने काही न विचारता माझ्या पाठीवरचं बाळ सोडवून घेतलं. मी तशीच गोठ्यात गेले. टिकली कासेच्या ठणक्याने पाय फाकवून उभी होती. मी डोकं तिच्या कुशीला टेकवलं, रुमालासकट. तिने मान वळवून कपाळ हुंगलं, मग कान, मग मानेवरचा माझा घाम. बराच वेळ हुंगत राहिली, हिशेब लागत नसल्यासारखी. मी सड धरला. पहिल्यांदा काही नाही. मग तिच्या पोटात काहीतरी सैल झालं, माझ्या कानाला ते ऐकू आलं, आणि भांड्यात चुर्र वाजलं.

बाहेरून पावलं पळत आली आणि दारात थांबली.

"आत्या आली?" मुलीने विचारलं. या वेळी आधी विचारलं.

मी मान वळवली नाही. हात थांबवले असते तर टिकलीने पान्हा चोरला असता. "रविवारी येणार आहे," मी म्हटलं. "आता मी आहे."

ती थोडा वेळ तिथेच घोटाळली. मग जवळ आली. रुमालाला नाक लावलं, मग माझ्या मानेला, टिकलीसारखंच. मी धार काढत राहिले. मग माझ्या पाठीवर हळूच वजन पडलं, आधी गाल, मग सगळी ती.

त्यातलं किती माझ्यासाठी होतं ते मी विचारलं नाही. भांडं भरेपर्यंत हलले मात्र नाही.